रिकामी घरे, महाग जागा

२०११ च्या जनगणनेने मुंबईविषयी जे दोन आकडे जाहीर केले, ते शेजारी शेजारी मांडून वाचले असता अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकावरचा विश्वास काहीसा डळमळावा, असेच ते आहेत. बृहन्मुंबईत सुमारे चार लाख ऐंशी हजार घरे कोणाच्याही वहिवाटीत नसलेली, म्हणजे निव्वळ कुलूपबंद आढळली. आणि त्याच शहरातील शेकडा चाळीसांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत असल्याचेही त्याच गणतीने नोंदवले. देशाचे चित्र याहून निराळे नव्हते. नागरी भागातील रिकाम्या घरांची संख्या एक कोटी दहा लाखांच्या घरात होती, आणि केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली नागरी घरांची जी टंचाई अंदाजली, ती होती एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांची, जिच्यातील शेकडा शहाण्णव हिस्सा अल्प व अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा होता. माल पडून आहे, गिऱ्हाईक ताटकळले आहे, आणि तरीही भाव उतरत नाही, ही अवस्था धान्याच्या बाजारात एक हंगामभरही टिकली नसती. जागांच्या बाजारात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि तिच्याच आधारावर लाखो मध्यमवर्गीय माणसे आपल्या आयुष्याच्या मिळकतीचा सर्वांत मोठा हिस्सा गुंतवतात.

याची कारणे शोधू लागले म्हणजे प्रथम हे ध्यानात येते की, जागांच्या व्यवहारात ‘पुरवठा’ आणि ‘मागणी’ हे शब्द ज्या अर्थांनी योजले जातात, ते अर्थ एकजिनसी नाहीत. जमीन सहसा कोणी निर्माण करीत नाही, तिच्यावर किती मजले चढावेत हे मालक ठरवीत नाही, आणि परवानगी हाती आल्यावरही इमारत उभी राहून भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत चार-सहा वर्षे सहज जातात. म्हणून आजच्या भावाला भुलून जो पुरवठा सुरू होतो, तो बाजारात येतो तेव्हा तो भाव आणि ती मागणी दोन्ही पालटलेली असण्याचा संभव फार. मागणीचेही दोन प्रकार आहेत: एक राहणाऱ्याची, जी पगाराच्या आणि भाड्याच्या मर्यादेत वावरते, दुसरी धरून ठेवणाऱ्याची, जी केवळ भाव वाढेल या आशेवर जगते आणि भाव वाढत असतो तोवर स्वतःच त्या वाढीचे कारण बनते. या दुसऱ्या मागणीला पहिली समजणे, हा मुंबईच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात गुंतवणूकदाराचा सर्वांत महाग पडलेला गैरसमज होय, असे मला वाटते. आणि पुढील आढावा त्याच दृष्टीने घेतला आहे.

या इतिहासाचा आरंभ कापसापासून होतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला अभूतपूर्व भाव येऊन शहरात पैशाचा पूर लोटला. या पैशाला वाट हवी होती, आणि मुंबई हे बेट असल्यामुळे जमीन मिळवण्याची सर्वांत आकर्षक वाट समुद्रातून जात होती. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या एकामागून एक निघाल्या; त्यांतील बॅक बेच्या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांच्या घरात विकला जाऊ लागला. दलाल प्रेमचंद रायचंद यांचे नाव या पर्वाशी कायमचे जोडले गेले आहे. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, ज्या जमिनीचे भाग विकले जात होते, ती अद्याप भरती-ओहोटीच्या पाण्याखाली होती. तिच्यावर राहू इच्छिणारे एकही कुटुंब त्या व्यवहारात नव्हते. १८६५ च्या वसंतात यादवी संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला, १ जुलै रोजी मुदतीचे सौदे चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणारा कोणीच उरला नव्हता, आणि त्या धक्क्यातून बँक ऑफ बॉम्बेही अखेर सावरली नाही.

या अनुभवातून सरकार काही शिकले असावे असे मानावे, तर १९२० नंतरचा इतिहास आड येतो. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या विकास खात्याने एकीकडे बॅक बेचे भरावाचे काम पुन्हा हाती घेतले, ज्याच्या खर्चाची आणि गैरव्यवस्थेची लक्तरे वीर नरिमन यांनी वेशीवर टांगली, आणि दुसरीकडे मजुरांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. गिरण्या तेजीत होत्या, कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होते, तेव्हा मागणी आहे याविषयी कोणाला संशय नव्हता. परंतु वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहून सुमारे साडेसोळा हजार खोल्या तयार होईतो गिरणीधंद्यात मंदी शिरली होती. वरळी तर त्या काळी कामाच्या ठिकाणांपासून आडवळणी. आणि खात्याने मागितलेले भाडे कामगाराला परवडेना. परिणामी, घरांच्या दुर्भिक्षाने गांजलेल्या शहरात सरकारी चाळींतील कित्येक खोल्या वर्षानुवर्षे ओस पडल्या. गरज आणि मागणी या एकच वस्तू नव्हेत, हे तत्त्व या चाळींच्या ओस जिन्यांनी जितक्या स्पष्टपणे मांडले, तितके एखाद्या ग्रंथानेही मांडले नसेल. त्याच वरळीच्या चाळींच्या जागी आता मनोरे उठत आहेत, १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळत आहे, आणि तो खर्च त्याच भूखंडावरच्या विक्रीच्या सदनिकांतून निघावा अशी योजना आहे. जागेचे माहात्म्य शंभर वर्षांत किती वाढले याचे हे मोजमाप म्हणता येईल.

पुरवठा कायद्याने कसा आटतो, याचे उदाहरण भाडेनियंत्रणाइतके ठळक दुसरे नाही. युद्धकाळातील तात्पुरती तजवीज म्हणून सुरू झालेले हे नियंत्रण १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पक्के झाले आणि प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडले गेले. फाळणीच्या सुमारास शहरात माणसांचा लोंढा येत असताना भाडेकरूला संरक्षण देणे अन्यायाचे होते, असे कोणी म्हणणार नाही. पण तात्पुरते म्हणून आणलेले बंधन पन्नास वर्षे तसेच ठेवले, आणि त्याचा बोजा इमारतीच्या भिंतींवर पडला. चाळीच्या मालकाला मिळणारे भाडे गिलाव्याच्या डागडुजीलाही पुरेना, म्हणून त्याने डागडुजी सोडली. नवी भाड्याची चाळ बांधणे हा शुद्ध वेडेपणा ठरला, म्हणून कोणी ती बांधली नाही. आणि कायदेशीर भाडे व खरा भाव यांतील तफावत पागडीच्या रूपाने हातोहात फिरू लागली. १९६९ साली मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमावे लागले व त्यासाठी उपकर बसवावा लागला. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठवलेले भाडे अवाजवी ठरल्याचे सांगितले, तेव्हा कोठे नवा कायदा होऊन तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीला उघड मान्यताही दिली.

या कायद्याचा गुंतवणुकीच्या रीतीवर झालेला परिणाम मात्र पुष्कळदा दृष्टिआड राहतो. भाड्याची घरे बांधण्याचा व्यवसायच बुडाल्यामुळे राहण्याची इच्छा असलेल्या प्रत्येकाला मालकीचे घर घेणे भाग पडले. सहकारी गृहरचना संस्था आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा या दोहोंनी त्या सक्तीला कायदेशीर बैठक दिली. ज्या पैशातून पूर्वी एखादा शेठ चाळ बांधून पन्नास बिऱ्हाडांना आश्रय देई, तो पैसा आता एकेक सदनिका घेऊन तिला कुलूप लावू लागला, कारण भाडेकरू घरात शिरला म्हणजे तो निघत नाही ही भीती दोन पिढ्यांच्या हाडीमासी खिळली होती. लिव्ह अँड लायसन्सच्या अकरा महिन्यांच्या करारांनी ती भीती पुष्कळ कमी केली असली, तरी ‘घर रिकामे ठेवीन, पण भानगड नको’ असे म्हणणारे गृहस्थ आजही दर सोसायटीत भेटतात, आणि जनगणनेतल्या त्या चार लाख ऐंशी हजारांत त्यांचा वाटा थोडका नसावा.

१९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याचीही गत अशीच झाली. मुंबईसारख्या शहरात पाचशे चौरस मीटरहून अधिक असलेली मोकळी जमीन सरकारजमा करून गरिबांना घरे द्यावीत, हा हेतू उदात्त. प्रत्यक्षात सवलतींचे अर्ज, हरकती, अपिले यांच्या दप्तरात जमीन अडकली आणि जी थोडी मोकळी राहिली तिचा भाव चढला. केंद्राने तो १९९९ साली रद्द केल्यावरही महाराष्ट्राला तो सोडायला २००७ उजाडावे लागले. चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला सर्व मुंबई एफएसआय म्हणते, ही तर पुरवठ्याची खरी तोटीच होय. १९६४ पासून आलेला हा निर्देशांक १९९१ च्या नियमावलीत शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा ठरला, आणि त्यापलीकडे जे बांधायचे ते हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन. रस्त्यासाठी, उद्यानासाठी वा झोपडपट्टीच्या पुनर्वसनासाठी जागा दिली की कागदी हक्क मिळतो आणि तो दुसऱ्या विकासकाला विकता येतो. म्हणजे जमिनीप्रमाणेच तिच्यावरच्या हवेचाही एक बाजार उभा राहिला, ज्याला स्वतःची तेजी आणि स्वतःची मंदी आहे. उपनगरात सदनिका घेणाऱ्या कारकुनाला या कागदाचे नावही ठाऊक नसते, पण त्याने मोजलेल्या प्रत्येक चौरस फुटाच्या किमतीत तो कागद मुरलेला असतो.

मग गिरण्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप कधी रीतसर मिटलाच नाही, आणि गिरणगावातील सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न शहरापुढे उभा राहिला. १९९१ च्या नियमाने तिचे साधारण तीन वाटे कल्पिले होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातील फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली, व सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती ग्राह्य धरली. त्यामुळे जो पुरवठा सर्वसामान्यांच्या घरांकडे वळायचा, तो मुख्यतः कचेऱ्या, मॉल आणि उंची सदनिका यांकडे वळला. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन २००५ साली लिलावात ७०२ कोटींना गेली आणि सात वर्षांनी सुमारे सत्तावीसशे कोटींना पुन्हा विकली गेली. असे आकडे वर्तमानपत्रांत वाचून आपल्या डोंबिवलीच्या सदनिकेचेही तसेच काही होईल, असे मानणारा मनुष्य घाऊक जमिनीचा भाव आणि किरकोळ घराचा भाव यांत गल्लत करतो. भावाच्या चढउताराचा पहिला आणि मोठा वाटा नेहमी जमीन धरणाऱ्याकडे जातो. चौदाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या वाट्याला जमिनीचा जो अविभक्त अंश येतो, तो फार थोडा असतो, आणि वर चढलेली इमारत दरसाल जुनी होत असते.

मधल्या काळात, १९९१ च्या उदारीकरणानंतर, एक तेजी येऊन गेली. परदेशी कंपन्यांना कचेऱ्या हव्या होत्या, आणि नरिमन पॉइंटच्या त्या चिंचोळ्या पट्टीखेरीज दुसरी जागा तयार नव्हती. १९९५ च्या सुमारास तेथील भाडी जगातील सर्वांत महाग भाड्यांत मोजली जात. त्या भाड्यांकडे पाहून जो पैसा ओतला गेला, त्याची फळे वांद्रे-कुर्ला संकुलात आणि गिरणगावात पुढे पिकली. मागणी तोवर ओसरली होती, आणि १९९६ पासून जवळजवळ सात वर्षे मुंबईचे भाव उतरत किंवा निपचित पडून होते. नरिमन पॉइंटचे ते वैभव तर परत आलेच नाही.

पुरवठा आधी आणि मागणी मागून, याचा सर्वांत विस्तृत प्रयोग खाडीपलीकडे झाला. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडलेल्या कल्पनेतून नवी मुंबई आकाराला आली. १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, पंचाण्णव गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन आखली गेली, आणि वीस लाख लोकांचे शहर कागदावर उभे राहिले. खाडीवरचा पूल १९७३ पासून होता. तरी लोक येईनात. मंत्रालय आणि कचेऱ्या दक्षिण मुंबईतच राहिल्या, आणि वाशीत घर घेणाऱ्याला रोज सकाळी बसच्या रांगेत उभे राहून पुलापलीकडे जावे लागे. मानखुर्दहून लोकल वाशीला पोहोचली १९९२ साली, म्हणजे आखणीनंतर बावीस वर्षांनी, आणि मग मात्र चित्र भराभर पालटले. ज्याने १९७५ साली वाशीत घर घेतले त्याचा अंदाज दिशेपुरता अचूक होता. पण गुंतवणुकीत दिशा बरोबर असून काळ चुकला, तर मधल्या वर्षांचे व्याज त्या अचूकपणाला गिळून टाकते.

हाच धडा नवी मुंबईच्या विमानतळाने दुसऱ्यांदा दिला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता २००७ साली मिळाली, आणि उलवे, द्रोणागिरी, पनवेल येथील भूखंड हातोहात जाऊ लागले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडांचे व्यवहार तर एवढ्या हातांतून फिरले की मूळ शेतकऱ्याचे नाव कागदाच्या तळाशी कोठेतरी राहिले. ज्या शेतकऱ्यांसाठी त्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी लढा दिला आणि १९८४ च्या आंदोलनात माणसे बळी पडली, त्यांतील कित्येक कुटुंबांनी तो भूखंड खऱ्या तेजीपूर्वीच विकला होता. पायाभरणी २०१८ साली झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. अठरा वर्षे! या अठरा वर्षांत दर जाहिरातीत विमानतळ ‘आता आलाच’ असे. आणि उलव्यात संध्याकाळी फिरताना पाहिलेल्या इमारतींत दिवे मोजकेच लागलेले असत. अंधाऱ्या खिडक्यांची ही गणना ज्याला करता येते, त्याला दलालाच्या तक्त्याची गरज उरत नाही.

याच्या उलट पुण्याजवळची हिंजवडी. तेथे आधी माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, तरुण नोकरदार आले, आणि वाकड-बाणेरची घरे त्यांच्या मागून उठली; मेट्रोचे खांब तर रस्त्यात पुष्कळ नंतर उगवले. म्हणून तेथील घराला भाडेकरू मिळतो. पण एकाच धंद्यावर उभी असलेली मागणी त्या धंद्याच्या लहरीवरही उभी असते: २०२० मध्ये नोकरदार लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी गेले, तेव्हा तीच भाडी पाहता पाहता उतरली होती. अलिबागकडची मागणी आणखी तिसऱ्या जातीची. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि सुट्टीच्या घरांना तेजी आली. तथापि शेतजमीन खरेदी करायची तर कूळकायद्याप्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला हीच तेथे एक किमती चीज होऊन बसली आहे. सातबाऱ्यावरचे इतर हक्क, वाटण्या न झालेले चुलत भाऊ, बिनशेतीची परवानगी, यांपैकी एकात जरी गोम असली तरी जमीन हातात असून विकता येत नाही. आणि जो माल विकता येत नाही, त्याचा भाव केवळ बोलण्यापुरता असतो.

मागणी पैशानेही निर्माण होते, आणि हा भाग गुंतवणूकदाराने सर्वांत सावधपणे वाचावा. १९७७ साली ह. ठ. पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली, त्यापूर्वी पगारदाराने घर घ्यायचे ते निवृत्तीच्या फंडातून. नव्वदीच्या मध्यास गृहकर्जाचा दर पंधरा टक्क्यांच्या आसपास होता आणि २००४ च्या सुमारास तो आठाच्या घरात आला. वीस वर्षांच्या मुदतीसाठी पंधरा टक्क्यांनी लाखाला महिना सुमारे तेराशे सतरा रुपये हप्ता पडतो, आठ टक्क्यांनी सुमारे आठशे छत्तीस. म्हणजे त्याच पगाराचा मनुष्य, एक पैचीही बढती न मिळता, दीडपटीहून अधिक कर्ज उचलू शकतो. पुरवठा जागच्या जागी, आणि प्रत्येकाच्या खिशात दीडपट पैसा. मग २००४ ते २००८ या काळात भाव चढले यात नवल ते कसले? त्यात आयकराच्या सवलतींनी फुंकर घातली. दुसऱ्या घराच्या व्याजाचा सगळा तोटा पगारातून वजा करण्याची मुभा होती, तोवर ‘कर वाचवण्यासाठी’ फ्लॅट घेणाऱ्यांची रांग होती. २०१७-१८ पासून ती वजावट दोन लाखांपुरती मर्यादित झाली आणि ती रांग पातळ झाली.

आता एक साधा हिशेब मांडून पाहू. ठाण्यात एक कोटीचा फ्लॅट कोणी भाड्याने देण्यासाठी घेतला असे समजा. मुद्रांक शुल्क व अधिभार मिळून सात लाख, नोंदणी फी तीस हजार. एकूण एक कोटी सात लाख तीस हजार. भाडे महिना तेवीस हजार, पण वर्षातला एक महिना घर रिकामे किंवा दलालीत गेले, म्हणजे हाती दोन लाख त्रेपन्न हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना चार हजारांप्रमाणे अठ्ठेचाळीस हजार आणि मालमत्ता कर बारा हजार वजा जाता उरले एक लाख त्र्याण्णव हजार, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला सुमारे एक पूर्णांक आठ दशांश टक्के. त्यातील ऐंशी लाख साडेआठ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असतील, तर हप्ता एकोणसत्तर हजारांच्या वर जातो, पहिल्या वर्षीचे व्याजच पावणेसात लाखांच्या आसपास होते, आणि स्वतःच्या सुमारे सव्वासत्तावीस लाखांवर मुदत ठेवीचे सात टक्के सुटले ते वेगळेच. तात्पर्य, केवळ नुकसान न होण्यासाठी फ्लॅटचा भाव दरसाल साडेसहा-पावणेसात टक्के वाढला पाहिजे, आणि मुद्रांकाचे सात लाख वसूल करण्यासाठी त्याहूनही अधिक. हा हिशेब ज्याला मान्य आहे त्याने खुशाल घ्यावा. परंतु आपण भाड्याचे उत्पन्न घेत आहोत, असे मात्र त्याने म्हणू नये. तो उद्याच्या खरेदीदारावर पैज लावीत आहे.

भाव न उतरण्याचे रहस्यही येथेच आहे. मालकाला घाई नसते, सोन्याप्रमाणे तो घर धरून बसतो; आणि विकासकाला छापील दर कमी करता येत नाही, कारण कालचे ग्राहक भांडायला येतात आणि बँकेकडे तारण ठेवलेल्या साठ्याची किंमतही खाली येते. म्हणून मंदीत भाव पडत नाहीत, व्यवहार पडतात. छापील दर जागच्या जागी राहतो आणि आतून सूट सुरू होते: मजल्यामागे लावलेला अधिभार माफ, वाहनतळ फुकट, मुद्रांक शुल्क विकासकाकडून, आणि मध्यंतरी तर ताब्यापर्यंत हप्ताच नाही अशी योजना, जिला रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बांधकामाच्या टप्प्यांशी कर्ज जोडून लगाम घातला. ज्याला खरा भाव पाहिजे, त्याने विक्री-कचेरीतला नमुना फ्लॅट पाहण्याऐवजी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन पाहावी. तीत त्याच इमारतीतल्या फ्लॅटचा मोबदला, क्षेत्रफळ आणि तारीख असते. मागणी किती दबून बसलेली असते, याचा पुरावा २०२० च्या अखेरीस मिळाला. सरकारने १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले, ती सवलत डिसेंबरअखेर घटणार होती, आणि एकट्या डिसेंबरात मुंबईत एकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. टाळेबंदीने खचलेल्या वर्षात! अर्थात त्यांतील पुष्कळ व्यवहार पुढच्या वर्षातून उसने आणलेले होते.

पुरवठ्याची बातमी पूर्वी गुप्त असे, ती महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, १ मे २०१७ पासून पुष्कळशी उघडी केली. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत घालणे आणि दुसऱ्याच्या बुकिंगवर पहिला पुरा करणे, हा जो प्रघात पडला होता, त्याला सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याच्या अटीने आवर बसला. आणि एखाद्या परिसरात किती सदनिका मंजूर आहेत, किती विकल्या गेल्या, ताबा कधीचा सांगितला आहे, हे कोणालाही घरबसल्या मोजता येऊ लागले. हे मोजण्याचे कष्ट फार थोडे गुंतवणूकदार घेतात, याचे मला सतत आश्चर्य वाटत आले आहे.

सध्या हे मोजमाप ज्या ठिकाणी सर्वांत फसवे आहे, ते म्हणजे पुनर्विकासाने ढवळून निघालेली मुंबईची उपनगरे. विलेपार्ले, मुलुंड, बोरिवली येथे जुन्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक रिकाम्या होत आहेत. त्यांच्या सभासदांना विकासक दरमहा भाडे देतो, आणि मुलांची शाळा व म्हाताऱ्यांचा डॉक्टर जवळ हवा म्हणून ती कुटुंबे त्याच चार गल्ल्यांत जागा शोधतात. एका बाजूला तेवढी घरे पाडल्यामुळे साठा घटला, दुसऱ्या बाजूला तेवढेच भाडेकरू वाढले, आणि त्यांचे भाडे त्यांच्या पगारातून न जाता विकासकाच्या खात्यातून जाते, म्हणून घासाघीसही नाही. भाडी चढली, आणि ती चढलेली भाडी दाखवून शेजारचे फ्लॅट गुंतवणुकीसाठी विकले जात आहेत. तीन-चार वर्षांनी या इमारती पुऱ्या होतील, तेव्हा जुने सभासद आपापल्या नव्या घरी परततील आणि त्यांची भाड्याची घरे एकाच सुमारास मोकळी होतील; शिवाय प्रत्येक भूखंडावर विक्रीसाठी बांधलेल्या ज्यादा सदनिका त्याच वेळी बाजारात उतरतील. त्या गल्लीत आज फ्लॅट घेणाऱ्याने महारेराच्या नोंदींतून ताब्याच्या तारखा उतरून घ्याव्यात, पाडलेल्या सोसायट्यांची बिऱ्हाडे मोजावीत, आणि ती बिऱ्हाडे वजा करून जे भाडे उरेल, त्यावर फ्लॅटचा भाव ठरवावा.